सीनियर इयरला (बारावीत) ग्रेड घसरली तर: कॉलेजची ऑफर टिकवण्यासाठी काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करायचं

दर जानेवारीत पहिल्या सेमिस्टरच्या ग्रेड पोर्टलवर आल्या की अमेरिकेतल्या मराठी घरांत तोच प्रश्न फिरायला लागतो. 'एपी (कॉलेजच्या पातळीच्या) कॅल्क्युलसला डी आलाय. अर्ज तर नोव्हेंबरमध्येच गेला. आता काय करायचं?' व्हॉट्सॲप ग्रुपवर मिळणारी उत्तरंही ठरलेली असतात. 'अर्ज गेलाय ना, आता कोण बघतंय.' 'स्वतःहून सांगून पायावर धोंडा मारून घेऊ नका.' 'आत्ताच्या आत्ता ॲडमिशन ऑफिसला फोन लावा.' तिन्ही सल्ले चुकीचे आहेत आणि तिन्हींमुळे मुलांचं नुकसान होतं.

बारावीच्या ग्रेड कॉलेज बघतंच. काही कॉलेजं निर्णयाआधी बघतात, काही नंतर, पण बघतात सगळीच. हातात आलेली ऑफर सशर्त असते आणि ती अट बारावी संपेपर्यंत लागू राहते. तरीही एकटी वाईट ग्रेड ऑफर बुडवते असं सहसा होत नाही. बुडवतं ते लपवणं, उशीर करणं आणि मुलाऐवजी आई-बाबांनी बोलणं. म्हणून खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने घ्या. मधला टप्पा गाळून पुढे गेलात तर परत मागे यावंच लागेल.

## टप्पा १: ग्रेड कोणत्या काळात आली ते ठरवा

एकच डी ऑक्टोबरमध्ये, फेब्रुवारीत आणि जूनमध्ये आला तर त्याचे तीन वेगळे परिणाम होतात. आधी आपण कुठे आहोत ते बघा.

अर्ज जायचा आहे (सप्टेंबर ते नोव्हेंबर). ही पहिल्या क्वार्टरची ग्रेड असेल तर सेमिस्टर संपायला वेळ आहे. ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे शाळेच्या अधिकृत गुणनोंदीवर, बहुतेक शाळांत सेमिस्टरचीच ग्रेड जाते. पण १ नोव्हेंबरच्या अर्ली डिसिजन (लवकरचा, बाइंडिंग म्हणजे निवड झाली तर तिथेच जाणं बंधनकारक असलेला अर्ज) किंवा अर्ली ॲक्शनला (लवकरचा, पण बंधन नसलेला) अर्ज करणार असाल तर काही कॉलेजं पहिल्या क्वार्टरच्या ग्रेडही मागतात. विषय डळमळीत असेल आणि मूल 'डिसेंबरपर्यंत सुधारेन' म्हणत असेल, तर त्या कॉलेजला रेग्युलर डिसिजनमध्ये, म्हणजे नेहमीच्या नंतरच्या मुदतीत, अर्ज करणं जास्त शहाणपणाचं. बाइंडिंग अर्जाची घाई अशा वेळी नको.

अर्ज गेला, निर्णय यायचा आहे (डिसेंबर ते मार्च). कॉमन ॲपमधून (अनेक कॉलेजांसाठीचा एकच ऑनलाइन अर्ज) अर्ज केला असेल तर शाळेचा काउन्सेलर मिड-इयर रिपोर्ट पाठवतो आणि त्यात पहिल्या सेमिस्टरच्या ग्रेड असतात. रेग्युलर डिसिजनच्या फाइलमध्ये हा कागद निर्णयाआधीच पोहोचतो. डिसेंबरमध्ये डिफर झालेल्या, म्हणजे निर्णय पुढे ढकललेल्या, मुलांची फाइल पुन्हा वाचली जाते आणि तेव्हा तिच्यात नवीन असं फारसं काही नसतं, याच ग्रेड असतात. वेटलिस्टवरच्या मुलांचंही तसंच.

ऑफर आली, दुसरं सेमिस्टर चालू आहे (मार्च ते जून). सगळ्यात जास्त घसरण इथे होते. सीनियरायटिस म्हणतात तो हाच काळ. मूल मनाने कॉलेजात पोहोचलेलं असतं आणि घरचेही 'झालं आता' म्हणून सैल सोडतात.

शाळा संपली (जून-जुलै). फायनल ट्रान्स्क्रिप्ट जायचं आहे किंवा गेलं आहे. इथे दिवस थोडे असतात आणि पर्यायही.

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा, म्हणजे यूसीचा, हिशेब वेगळा आहे आणि सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो. यूसी जीपीए (ग्रेडची सरासरी) काढते तो नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतच्या ए-टू-जी विषयांवर, म्हणजे यूसीने प्रवेशासाठी ठरवलेल्या विषयगटांवर. बारावीच्या ग्रेड त्या आकड्यात नसतात. अर्जाच्या वेळी ट्रान्स्क्रिप्टही मागत नाहीत, मुलानेच ग्रेड भरायच्या असतात, आणि कॉमन ॲपसारखा मिड-इयर रिपोर्ट काउन्सेलरकडून आपोआप जात नाही. यावरून 'यूसी बारावी बघत नाही' असा निष्कर्ष लोक काढतात. प्रत्यक्षात बारावीला कोणते विषय घेतलेत हे अर्जात लिहिलेलं असतं, ते सगळे किमान सी ग्रेडने पुरे करायची अट असते, आणि उन्हाळ्यात अधिकृत ट्रान्स्क्रिप्ट आलं की अर्जातली ओळ न् ओळ त्याच्याशी ताडून पाहिली जाते. न्यू जर्सीतल्या रटगर्ससारखी विद्यापीठंही मुलाने स्वतः भरलेल्या नोंदीवर निर्णय घेतात आणि नंतर पडताळतात. झाकली मूठ इथे झाकलेली राहत नाही. शाळाच ती उघडते.

> तपासा: कागदाच्या एका बाजूला सगळ्या कॉलेजांची नावं लिहा. प्रत्येकासमोर लिहा: अर्जाचा प्रकार, निर्णय आला की नाही, पहिल्या सेमिस्टरच्या ग्रेड त्यांना कोण कळवणार, म्हणजे शाळा की मूल. शेवटचा रकाना कोरा राहिला तर काउन्सेलरला विचारा. अंदाजाने भरू नका.

## टप्पा २: ऑफरच्या अटी शब्दशः वाचा

अभिनंदनाचं पत्र सगळे वाचतात, फ्रिजवर लावतात, आजी-आजोबांना पाठवतात. अटींचं पान मात्र पोर्टलवर वेगळ्या दुव्याखाली असतं आणि मुलाने 'मान्य' वर क्लिक करून ते बंद केलेलं असतं. ते उघडा, पीडीएफ उतरवून ठेवा आणि मुलासोबत बसून वाचा.

यूसीच्या अटी साधारण अशा असतात: बारावीत एकही डी किंवा एफ नको, बारावीचा जीपीए ३.० च्या खाली नको, अर्जात लिहिलेले विषय त्याच स्वरूपात पूर्ण व्हावेत, शाळा उत्तीर्ण व्हावी, आणि यातलं काही बदललं तर ताबडतोब कळवावं. ३.० वेटेड (एपीला जादा गुण धरून) की अनवेटेड (न धरता) हे कॅम्पसच्या पानावर बघा, कारण एपीच्या जादा गुणामुळे त्यात बराच फरक पडतो. खाजगी कॉलेजांचं लिखाण बहुधा मोघम असतं, 'आतापर्यंतच्याच पातळीवर वर्ष पूर्ण करावं' अशा अर्थाचं. मोघम अट कॉलेजच्या बाजूने असते, हे लक्षात ठेवा.

माझ्या अंदाजाने तीव्रता अशी लावावी. सगळे ए असताना एखादा बी आला तर काहीच करू नका, पत्र लिहून उगाच लक्ष वेधू नका. एखादा सी आला तर अटींचं पान ठरवेल. यूसीला तो चालू शकतो, फार निवडक खाजगी कॉलेज खुलासा मागू शकतं, आणि तो सी निवडलेल्या मेजरच्या (कॉलेजमधल्या मुख्य विषयाच्या) मुळाशी असेल, उदाहरणार्थ इंजिनिअरिंगला प्रवेश आणि कॅल्क्युलसला सी, तर काउन्सेलरशी बोललंच पाहिजे. डी किंवा एफ आला तर कळवायचंच, अपवाद नाही. आणि एकही डी नसताना चार ए चे चार सी झाले, तर तीसुद्धा मोठी घसरण आहे. पालक हे हमखास विसरतात, कारण ते एफ शोधत बसलेले असतात.

> सावधान: मेरिट स्कॉलरशिप आणि ऑनर्स प्रोग्रॅम यांच्या अटी वेगळ्या पानावर आणि बहुधा जास्त कडक असतात. प्रवेश राहिला आणि स्कॉलरशिप गेली, असंही होतं. दोन्ही पानं वाचा.

## टप्पा ३: ग्रेड पक्की आहे का ते बघा

पोर्टलवर दिसणारी ग्रेड आणि ट्रान्स्क्रिप्टवर चढलेली ग्रेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलाने स्वतः शिक्षकांना भेटून तीन गोष्टी विचाराव्यात: एखादी असाइनमेंट नोंदवायची राहिली आहे का, राहिलेलं काम अजून घेता येईल का, आणि ग्रेड बंद कधी होते.

भेटीत सूर विचारण्याचा असावा, भांडणाचा नको. कॅलिफोर्नियात शिक्षण संहितेच्या कलम ४९०६६ नुसार शिक्षकाने दिलेली ग्रेड अंतिम असते. ती बदलायला कारकुनी चूक, फसवणूक, दुष्ट हेतू किंवा अक्षमता यांपैकी काही दाखवावं लागतं. म्हणजे 'बी ला दोनच टक्के कमी पडतात, जरा बघा ना' याला काही आधार नाही, आणि याच शिक्षकांकडून पुढे एखाद्या ओळीची मदत लागू शकते.

विषय सोडून देण्याचा मोह इथेच होतो. एपी फिजिक्स जड जातंय, तर जानेवारीत ते सोडून एखादा हलका विषय घ्यायचा म्हणजे डी दिसणार नाही. असं करण्याआधी थांबा. अर्जात एपी फिजिक्स लिहिलेलं आहे, ते नाहीसं होणं हाही बदल आहे आणि डी इतकाच कळवण्याजोगा आहे. कधीकधी विषय बदलणंच योग्य असतं, पण क्रम असा: आधी काउन्सेलर, मग कॉलेजला लेखी प्रश्न, त्यांचं लेखी उत्तर, आणि त्यानंतरच शाळेचा फॉर्म. मुलं नेमकी उलट जातात.

> सावधान: मुलाने कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजात) ड्युअल एनरोलमेंटचा, म्हणजे शाळेत असतानाच कॉलेजचा, कोर्स घेतला असेल तर त्याचं ट्रान्स्क्रिप्ट वेगळं असतं आणि वेगळं मागवावं लागतं. तिथला एफ कायमच्या कॉलेज नोंदीत राहतो. पुढे मेडिकलला अर्ज करताना एएमकॅस या अर्जसेवेत हायस्कूलमध्ये असताना घेतलेले कॉलेजचे कोर्सही दाखवावे लागतात. कोर्स झेपत नसेल तर विथड्रॉची (कोर्स सोडण्याची) तारीख उलटायच्या आत निर्णय घ्या, आणि डब्ल्यू, म्हणजे कोर्स सोडल्याची नोंद, घेतला तर तोही कॉलेजला कळवा.

## टप्पा ४: काउन्सेलरला कॉलेजच्या आधी गाठा

कॉलेजकडून खुलाशाची विचारणा आली की तिथला अधिकारी अनेकदा पहिला फोन शाळेच्या काउन्सेलरला करतो. काउन्सेलरला त्या फोनवरच पहिल्यांदा कळलं, तर त्याच्याकडे बोलायला काहीच नसतं.

मोठ्या सरकारी शाळांत एकेका काउन्सेलरकडे शेकडो मुलं असतात. म्हणून भेटीआधी अर्ध्या पानाची टिपणी पाठवा: कोणत्या विषयात काय आलं, का आलं, आता काय चालू आहे, कोणकोणत्या कॉलेजांना कळवायचं आहे. भेटीत विचारायचे प्रश्न थोडेच. मिड-इयर रिपोर्ट गेला का, नसेल तर कधी जाणार? त्यासोबत दोन ओळींचा खुलासा जोडता येईल का? मी कॉलेजला लिहिणार आहे, तुम्ही आधी वाचाल का?

कारण सांगताना हातचं राखू नका. आपल्या घरांत एक कारण वारंवार असतं आणि तेच सगळ्यात कमी सांगितलं जातं: आजोबा किंवा आजी गेल्या म्हणून सेमिस्टरच्या मध्येच तीन आठवडे नाशिकला किंवा कोल्हापूरला जावं लागलं. शाळा बुडाली, लॅब बुडाल्या, परत आल्यावर मूल गप्प गप्प राहिलं. 'घरचं दुःख कॉलेजला कशाला सांगायचं' असं वाटणं स्वाभाविक आहे. पण ही खरी, तारखांसकट दाखवता येणारी परिस्थिती आहे आणि शाळेच्या हजेरीत तिची नोंद आहेच. आजारपण, नैराश्य, घरातली नोकरी जाणं, हेही तसंच. डॉक्टरांची चिठ्ठी किंवा हजेरीचा उतारा काउन्सेलरकडे द्या. तो जोडायचा की नुसता उल्लेख करायचा, हे त्याला ठरवू द्या.

## टप्पा ५: कॉलेजला लिहा, आणि ते मुलानेच लिहू दे

सगळ्यात जास्त चुका या टप्प्यात होतात, म्हणून इथे जरा थांबून वाचा.

कोणी लिहायचं. मुलाने. आई-बाबांनी फोन केला की अधिकारी शांतपणे ऐकून घेतो आणि मुलाला ईमेल करायला सांगतो. फर्पा या १९७४ च्या कायद्याने अठरा वर्षांचं झाल्यावर किंवा कॉलेजात शिकायला लागल्यावर शैक्षणिक नोंदींचे हक्क पालकांकडून विद्यार्थ्याकडे जातात, त्यामुळे कॉलेज पालकांशी बोलताना आधीपासूनच हात आखडता घेतं. शिवाय वडील बोलले की मूल स्वतःचं स्वतः सांभाळू शकतं का, हीच शंका बळावते, आणि वाईट ग्रेडमुळे ती आधीच मनात आलेली असते.

कुठे लिहायचं. कॉलेजच्या अर्जदार पोर्टलवर 'अपडेट' किंवा 'शेड्यूल अथवा ग्रेडमधला बदल' अशी सोय असेल तर तिथेच. यूसीला प्रत्येक कॅम्पसचं पोर्टल वेगळं आहे, म्हणून चार कॅम्पसना अर्ज असेल तर चारही ठिकाणी बघा. पोर्टलवर सोय नसेल तर आपल्या भागाचे अर्ज वाचणाऱ्या अधिकाऱ्याला ईमेल करा. प्रत्येक कॉलेजला स्वतंत्र ईमेल. एकाच ईमेलात सगळ्यांना टाकू नका.

कधी लिहायचं. ग्रेड पक्की झाली आणि काउन्सेलरशी बोलणं झालं की त्याच आठवड्यात. फेब्रुवारीत कळवलं तर कॉलेजकडे मार्ग सुचवायला वेळ असतो. जुलैत त्यांनी शोधून काढलं तर बाकीच्या कॉलेजांना नकार कळवून झालेला असतो, डिपॉझिट भरलेलं असतं, आणि मुलाच्या हातात दुसरं काही नसतं.

काय लिहायचं. दीडशे-दोनशे शब्द पुरतात. साधारण असं:

> नाव, अर्ज क्रमांक, शाळा. 'मला पहिल्या सेमिस्टरला एपी फिजिक्समध्ये डी मिळाला आहे. अर्जाच्या वेळी मी या विषयात बी च्या जवळ होते. नोव्हेंबरमध्ये आजोबांच्या निधनामुळे मी अठरा दिवस भारतात होते. परत आल्यावर लॅबचं काम भरून काढायला मी शिक्षकांकडे वेळेत गेले नाही, ते जायला हवं होतं. आता आठवड्यातून दोनदा त्यांच्याकडे जाते आणि या सेमिस्टरच्या पहिल्या दोन चाचण्यांत बी आणि बी प्लस आहे. विषय मी सोडलेला नाही. मी आणखी काही करायला हवं असेल, उदाहरणार्थ उन्हाळ्यात हा भाग पुन्हा घेणं, तर कृपया कळवावं. माझे काउन्सेलर हवी ती माहिती देतील.'

यात पहिल्याच वाक्यात विषय आणि ग्रेड आहे. कारण तारखेसकट आहे, पण लांबवलेलं नाही. स्वतःचा वाटा मान्य केला आहे. सुधारणेचा पुरावा आकड्यात आहे आणि शेवटी कॉलेजला उत्तर देता येईल असा प्रश्न आहे. हे शब्द उचलून पाठवू नका. मुलाने स्वतःची खरी हकिगत स्वतःच्या साध्या इंग्रजीत लिहावी. पालकांनी वाचून शुद्धलेखन बघावं, वाक्यं नटवू नयेत.

आता नेहमी दिसणाऱ्या चुका. पहिला परिच्छेद 'तुमच्या महान विद्यापीठात प्रवेश मिळणं हे माझं बालपणापासूनचं स्वप्न' यात घालवणं आणि ग्रेड तिसऱ्या परिच्छेदात दडवणं. शिक्षकांना दोष देणं: शिक्षक खरंच वाईट असले तरी ते वाक्य काढा. 'बाकी सगळे ए आहेत' हे तीनदा सांगणं. नववीपासूनची प्रमाणपत्रं जोडणं. आणि पुरावा नसताना 'आता मी खूप मेहनत घेत आहे' म्हणणं. चाचणीचे गुण हातात नसतील तर निदान कोणाकडे, किती वेळा मदतीला जातो ते लिहा.

> तपासा: पाठवल्यावर पोर्टलचा किंवा ईमेलचा स्क्रीनशॉट, तारीख आणि आलेलं उत्तर एका फोल्डरमध्ये ठेवा. दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदाच नम्र आठवण करा. 'नोंद घेतली आहे' एवढंच उत्तर आलं तर ते अभय नव्हे. अटी तशाच लागू आहेत.

## टप्पा ६: भरपाई करा, पण विचारून

पहिल्या सेमिस्टरचा डी असेल तर सर्वात खणखणीत भरपाई म्हणजे त्याच विषयात दुसऱ्या सेमिस्टरला बी किंवा वर. त्यासाठी दुसऱ्या एखाद्या उपक्रमातून मूल बाहेर पडलं तरी चालेल. ऑफर आल्यावर रोबोटिक्सच्या आणखी एका पदकाने काही बदलत नाही.

यूसीच्या नियमांत व्हॅलिडेशन नावाची सोय आहे: गणित आणि परकीय भाषेत नंतरच्या सेमिस्टरची किंवा वरच्या पातळीची चांगली ग्रेड आधीच्या कमी ग्रेडची विषय-अट भरून काढू शकते. ही सोय ए-टू-जीची किमान अट पुरी करण्यासाठी आहे. ऑफरमधली 'बारावीत डी नको' ही अट त्याने आपोआप सुटत नाही, म्हणून व्हॅलिडेशन होतंय म्हणून न कळवणं ही चूकच. इंग्रजी किंवा इतिहासाला ही सोय लागू नाही, तिथे विषय पुन्हा घ्यावा लागतो.

पुन्हा घ्यायचे मार्ग: शाळेचं समर स्कूल, यूसी स्काउटसारखे ए-टू-जी मान्यता असलेले ऑनलाइन कोर्स, किंवा कम्युनिटी कॉलेजचा यूसीला ट्रान्सफर होणारा कोर्स. तीन किंवा अधिक सेमिस्टर युनिटचा असा कॉलेज कोर्स हायस्कूलच्या पूर्ण वर्षाइतका धरला जातो. पैसे भरण्याआधी कॉलेजला ईमेलवर विचारा: हा कोर्स, या संस्थेचा, या तारखेपर्यंत पूर्ण झाला तर चालेल का? ऑगस्टमध्ये संपणारा कोर्स जुलैच्या मुदतीत बसत नाही, हे कोर्स सुरू झाल्यावर लक्षात येऊन उपयोग नाही.

## टप्पा ७: फायनल ट्रान्स्क्रिप्ट वेळेत पोहोचवा

ग्रेड ठीक असूनही ऑफर धोक्यात येते ती इथे. २०१७ च्या उन्हाळ्यात यूसी अर्व्हाइनने ४९९ ऑफर मागे घेतल्या. त्या वर्षी अपेक्षेपेक्षा फार जास्त मुलांनी प्रवेश स्वीकारला होता आणि ट्रान्स्क्रिप्टची मुदत, कमी ग्रेड असे नियम काटेकोर लावले गेले. मोठा गदारोळ झाला, चान्सलरनी माफी मागितली आणि केवळ ट्रान्स्क्रिप्टच्या कारणाने अडकलेल्या सुमारे २९० मुलांना परत घेतलं गेलं. कमी ग्रेडमुळे गेलेल्यांना मात्र अपील करावं लागलं. एरवी दुर्लक्ष होणारी त्रुटी जागा कमी असलेल्या वर्षी दुर्लक्षित राहत नाही.

१. मे अखेरीस शाळेच्या रजिस्ट्रारकडे किंवा पार्चमेंटसारख्या सेवेतून फायनल ट्रान्स्क्रिप्टची मागणी करा आणि 'ग्रेड आल्यावर पाठवा' हा पर्याय निवडा. नाहीतर अर्धवट ट्रान्स्क्रिप्ट जातं.

२. त्यावर ग्रॅज्युएशनची तारीख आहे का बघा. ती नसेल तर ते फायनल धरत नाहीत.

३. यूसीची नेहमीची मुदत ट्रान्स्क्रिप्टसाठी १ जुलै आणि एपी-आयबी गुणांसाठी १५ जुलै. इतर कॉलेजांची तारीख पोर्टलवर बघा. उन्हाळ्यात शाळेचं ऑफिस बंद होण्याची तारीख विचारून ठेवा.

४. ड्युअल एनरोलमेंट किंवा ऑनलाइन कोर्सचं ट्रान्स्क्रिप्ट वेगळं मागवा.

५. पोर्टलवर 'मिळालं' अशी खूण दिसेपर्यंत दर आठवड्याला बघा. पालकांनी फोनवर काढलेला फोटो अधिकृत धरत नाहीत.

> सावधान: दुसऱ्या सेमिस्टरला डी आला आणि तो जूनमध्येच कळला, तर ट्रान्स्क्रिप्टच्या आधी मुलाचा ईमेल पोहोचला पाहिजे. टप्पा ५ त्याच दिवशी करा.

## टप्पा ८: खुलाशाचं किंवा ऑफर मागे घेतल्याचं पत्र आलं तर

पहिलं पत्र बहुधा खुलासा मागणारं असतं. ते शिक्षा नाही, संधी आहे. मुदत बघा आणि टप्पा ५ प्रमाणे लिहा. उत्तरादाखल कॉलेज प्रवेश कायम ठेवून पहिलं सेमिस्टर प्रोबेशनवर (अटींसह देखरेखीखाली) ठेवू शकतं, उन्हाळी कोर्स सांगू शकतं किंवा मेजर बदलू शकतं. हे स्वीकारण्याआधी प्रोबेशनची अट काय, म्हणजे किती जीपीए, किती युनिट, हे लेखी घ्या.

ऑफर मागे घेतलीच तर अपीलाची मुदत पत्रात असते आणि ती आठवडा-दोन आठवड्यांइतकी छोटी असू शकते. अपीलात नवीन माहिती लागते: आधी न दिलेली वैद्यकीय कागदपत्रं, शाळेची नोंदीतली चूक, पूर्ण केलेला समर कोर्स. तीच विनवणी दुसऱ्यांदा लिहून उपयोग होत नाही.

अपील चालू असतानाच दुसरी वाट तयार करा. मे नंतरही जागा असलेल्या कॉलेजांची यादी नॅकॅक ही कॉलेज प्रवेश समुपदेशकांची संघटना दरवर्षी प्रसिद्ध करते. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजातून ट्रान्सफर हा भक्कम मार्ग आहे: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ हे सहा यूसी कॅम्पस टॅग करारातून अटी पुऱ्या केल्यावर प्रवेशाची हमी देतात. कोणता कोर्स कुठे चालतो ते असिस्ट डॉट ऑर्गवर बघा. आपल्या लोकांत कम्युनिटी कॉलेजला उगाच नाकं मुरडली जातात. त्या वाटेने बर्कली आणि यूसीएलएला दरवर्षी हजारो मुलं जातात आणि पहिल्या दोन वर्षांचा खर्चही बराच कमी होतो. फक्त एक लक्षात ठेवा: शाळा संपल्यावर नियमित फॉल सेमिस्टरला नाव घातलं की पुढचा अर्ज ट्रान्सफरचा ठरतो, फ्रेशमनचा नाही. पुन्हा फ्रेशमन म्हणून अर्ज करायचा विचार असेल तर आधी हे ठरवा.

> सावधान: 'हातात असू दे' म्हणून दोन कॉलेजांत डिपॉझिट भरू नका. उघडकीला आलं तर दोन्ही ऑफर जाऊ शकतात.

## भारतातून अर्ज केलेल्यांसाठी

पुण्या-मुंबईहून अमेरिकेला अर्ज करणाऱ्या मुलांच्या ऑफर शाळेच्या किंवा ज्युनिअर कॉलेजच्या गुणपत्रकांवर आणि अपेक्षित गुणांवर आलेल्या असतात. बोर्डाचा बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो, म्हणजे कॉलेज निश्चित केल्यानंतर. गुण अपेक्षेपेक्षा बरेच कमी आले तर क्रम तोच: अटींचं पान, मग ज्युनिअर कॉलेजमधली जबाबदार व्यक्ती, मग मुलाचा ईमेल. गुणपडताळणी किंवा उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली असेल तर तेही कॉलेजला लिहा आणि सुधारित निकाल कधी अपेक्षित आहे ते सांगा. पण त्याची वाट बघत कळवणं लांबवू नका.

इथे आणखी एक गोष्ट जोडलेली आहे. एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा ज्या आय-२० या प्रवेशाच्या कागदावर मिळतो ती कॉलेजने दिलेली असते. प्रवेशच मागे घेतला गेला तर त्या आय-२० वर प्रवास करता येत नाही. म्हणून कमी गुणांचा प्रश्न व्हिसाच्या मुलाखतीआधी आणि विमानाचं तिकीट काढण्याआधी लेखी मिटवा. 'प्रवेश कायम आहे' असं कॉलेजचं ईमेल छापून आय-२० सोबत ठेवा.